‘झाओ बू बाओ शी’: सकाळी संध्याकाळची शाश्वती नसणे. या चिनी वाक्प्रचाराचा अर्थ आणि उगम

प्रश्न (शब्दशोधक)

चिनी शहरांत बांधकामावर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांविषयीचा एक चिनी लेख मी सध्या मराठीत आणतो आहे. त्यात मजुरांच्या आयुष्याला ‘झाओ बू बाओ शी’ असे विशेषण पुन्हापुन्हा लावलेले आहे. शब्दांचा अर्थ अवघड नाही. झाओ म्हणजे सकाळ, बू म्हणजे नाही, बाओ म्हणजे राखणे किंवा हमी देणे आणि शी म्हणजे संध्याकाळ. सकाळी असताना संध्याकाळची हमी देता येत नाही, असे जगणे. मजुरांपुरते बोलायचे तर ‘हातावर पोट असलेले’ हा आपला शब्दप्रयोग जवळचा वाटतो. परंतु त्याच लेखात पुढे अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धाच्या प्रकृतीबद्दल लिहितानाही लेखकाने हाच वाक्प्रचार वापरला आहे, आणि तिथे पोटाचा किंवा रोजगाराचा संबंध येत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. हा वाक्प्रचार मुळात गरिबीचा आहे, संकटाचा आहे की आयुष्याच्या क्षणभंगुरतेचा? शब्दकोशात उगम म्हणून ‘झुओ झुआन’ या ग्रंथातील झाओ राजाच्या पहिल्या वर्षाचा उल्लेख मिळतो, पण तिथे उद्धृत केलेल्या वाक्यात ‘बाओ’ हे अक्षर नाहीच, ‘मोउ’ आहे. मग हा उगम कसा मानायचा? ते वाक्य मूळ कोण कोणाला म्हणाले आणि कशाबद्दल? कोणी संदर्भासह सांगितले तर अनुवादात योग्य छटा आणता येईल.

प्रतिसाद १ (तळटीप)

आधी उच्चाराविषयी एक सूचना. या वाक्प्रचारातील पहिल्या अक्षराचे दोन उच्चार आहेत. ‘झाओ’ असा उच्चार केला की अर्थ सकाळ होतो आणि ‘छाओ’ असा केला की दरबार किंवा राजघराणे. येथे सकाळच अभिप्रेत आहे. उगमाची कथा दरबारी असल्यामुळे नवशिके वाचक हमखास ‘छाओ’ वाचतात आणि मग सगळा अर्थच भलतीकडे जातो.

आता मूळ प्रसंग. ‘झुओ झुआन’ हा प्राचीन चीनमधील संस्थानांचा वर्षवार इतिहास लू या संस्थानाच्या राजांच्या कालगणनेनुसार रचलेला आहे, म्हणून ‘झाओ राजाचे पहिले वर्ष’ म्हणजे इ.स.पू. ५४१. त्या वर्षी जिन या बलाढ्य संस्थानाचा मुख्य मंत्री झाओ वू (ग्रंथात बहुतेक ठिकाणी त्याला झाओ मेंग म्हटले आहे) संस्थानांची एक मोठी परिषद आटोपून परतत होता. वाटेत त्याचा सत्कार करण्यासाठी झोउ सम्राटाने ल्यू दिंगगोंग नावाच्या सरदाराला पाठवले. दोघांचा मुक्काम लुओ नदीच्या वळणावर होता. समोरचे पाणी पाहून ल्यूला यू राजाची आठवण झाली. प्राचीन काळी महापुराला वाट काढून देऊन जमीन राहण्याजोगी करणारा राजा म्हणून चिनी परंपरा यूला मानते. ल्यू म्हणाला, यूचे कार्य किती थोर. तो नसता तर आपण सगळे मासेच झालो असतो. आज तुम्ही आणि मी शिरोभूषण आणि दरबारी वस्त्रे घालून प्रजेचा कारभार पाहतो, हे त्याचेच उपकार. मग तुम्हीही त्याच्यासारखे दूरवर टिकणारे काही काम करून प्रजेला आश्रय का देत नाही?

झाओ मेंगने दिलेले उत्तर हेच आपल्या वाक्प्रचाराचे मूळ. तो म्हणाला, ‘माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आपल्या हातून काही अपराध घडू नये एवढीच धास्ती असते, दूरचा विचार मी कुठून करणार? आम्ही कसेबसे खाऊन दिवस काढणारी माणसे. सकाळी संध्याकाळचा बेत करत नाही, मग इतक्या लांबचे काय बोलायचे?’ यातील ‘सकाळी संध्याकाळचा बेत करत नाही’ म्हणजे ‘झाओ बू मोउ शी’. मोउ म्हणजे योजना करणे, बेत आखणे.

हे वाक्य उच्चारणारा माणूस गरीब नव्हता आणि धोक्यातही नव्हता, ही गोष्ट तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. त्या काळातील सर्वाधिक सामर्थ्यवान मंत्र्यांपैकी तो एक होता. ल्यूला त्याचे बोलणे अजिबात रुचले नाही. परत जाऊन त्याने सम्राटाला सांगितले की, म्हातारपणी शहाणपण येते आणि पाठोपाठ भ्रमही येतो अशी जी म्हण आहे ती झाओ मेंगला लागू पडते. जिनचा मुख्य मंत्री आणि सर्व संस्थानांचा म्होरक्या असून तो स्वतःला चाकरांच्या रांगेत बसवतो आणि सकाळी संध्याकाळचा बेत करत नाही म्हणतो. असा माणूस देवांना आणि प्रजेला दोघांनाही अंतरला. तो पुढचे वर्ष पाहणार नाही. झाओ मेंग खरोखरच त्याच वर्षाच्या शेवटी वारला.

त्यामुळे मूळ वाक्यात दारिद्र्याची व्यथा शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. जबाबदारीच्या जागी बसलेल्या माणसाने दूरदृष्टी टाकून दिल्याची ती कबुली आहे, आणि ऐकणाऱ्याने तिला दोषच मानले आहे. दिवस उगवला तसा मावळू द्यायचा, एवढ्यावर समाधान मानणारी वृत्ती त्यात दिसते.

प्रतिसाद २ (जुनी_पाने)

तळटीप यांनी प्रसंग नेमका सांगितला आहे, परंतु उगम तिथेच थांबवणे मला पटत नाही. ‘झुओ झुआन’मध्येच हा साचा त्याआधी किमान तीन ठिकाणी येतो, फक्त तिथे ‘मोउ’ऐवजी ‘जी’ हे क्रियापद आहे. जी म्हणजे पोहोचणे. ‘झाओ बू जी शी’: सकाळ संध्याकाळपर्यंत पोहोचत नाही. हे प्रसंग क्रमाने पाहिले की शब्दशोधक यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

पहिला प्रसंग इ.स.पू. ६५३चा. ची या बड्या संस्थानाने झेंग या लहान संस्थानावर स्वारी केली होती. कोंग शू नावाच्या मंत्र्याने आपल्या राजाला विनवले की, देश संकटात आहे, चीपुढे नमते घ्या आणि देश वाचवा. राजा म्हणाला, हे कशामुळे ओढवले ते मला माहीत आहे, थोडा थांब. मंत्री उत्तरला, ‘सकाळ संध्याकाळपर्यंत पोहोचत नाही, मग महाराजांसाठी थांबायचे तरी कसे?’ येथे शब्दांत केवळ निकड आहे. शत्रू दाराशी आहे आणि राजा सवड मागतो आहे.

दुसरा प्रसंग इ.स.पू. ५५७चा. लू संस्थानाला ची सतत छळत होते. लूचा वकील मू शू मदत मागण्यासाठी जिनच्या दरबारी गेला आणि म्हणाला, ‘आमच्या गरीब देशावरची आपत्ती अशी आहे की सकाळ संध्याकाळपर्यंत पोहोचत नाही, आम्ही माना उंचावून पश्चिमेकडे पाहतो आणि म्हणतो, कदाचित येतील.’ जिन हे लूच्या पश्चिमेला होते. जिनच्या मंत्र्यांपुढे त्याने जुन्या काव्यसंग्रहातील, वाऱ्यावर पडलेल्या लोकांविषयीच्या ओळीही म्हटल्या आणि ते मंत्री वरमले. अनिश्चित जगण्याचा जो करुण सूर आज या वाक्प्रचारात आहे, तो मला येथेच पहिल्यांदा ऐकू येतो. फरक इतकाच की तो एका माणसाचा नाही, देशाचा आहे.

तिसरा प्रसंग इ.स.पू. ५४२चा, आणि गंमत म्हणजे त्यातही मू शूच आहे. आता तो ज्येष्ठ मुत्सद्दी झाला आहे. एका परिषदेहून परतल्यावर तो आपल्या सहकाऱ्याला, मेंग शिआओबोला सांगतो की, झाओ मेंग फार दिवस काढणार नाही. त्याचे बोलणे दिवस ढकलणाऱ्याचे आहे, पन्नाशीही गाठलेली नाही आणि ऐंशी-नव्वदीच्या माणसासारखा पुटपुटत असतो. जिनमध्ये पुढे ज्याच्या हाती कारभार जाईल त्याच्याशी आत्ताच स्नेह जोडावा, चांगुलपणाचे रोप आत्ताच लावून ठेवावे, असा मू शूचा सल्ला होता. त्यावर मेंग शिआओबो म्हणतो, ‘माणसाचे आयुष्य ते केवढे? दिवस कोण ढकलत नाही? सकाळ संध्याकाळपर्यंत पोहोचत नाही, मग रोप लावून काय उपयोग?’ मू शू बाहेर येऊन लोकांना सांगतो, हाही आता जाणार. झाओ मेंगच्या ढिलाईबद्दल सांगायला गेलो तर हा त्याच्याही पुढे गेलेला. मेंग शिआओबो त्याच वर्षी वारला.

पंधरा वर्षांपूर्वी जे शब्द मू शूने आपला देश वाचवण्यासाठी परक्या दरबारात काकुळतीने उच्चारले होते, तेच शब्द आपल्याच माणसाच्या तोंडून आळसाची सबब म्हणून त्याला ऐकावे लागले. वाक्प्रचाराच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग मला माहीत नाही.

चौथा प्रसंग पुन्हा इ.स.पू. ५४१चाच आहे आणि तो तळटीप यांच्या कथेला जोडून वाचावा. छिन संस्थानाचा एक राजपुत्र जिनमध्ये आश्रयाला आला होता. त्याचे राज्य आणखी किती दिवस टिकेल, असे झाओ मेंगने त्याला विचारले. राजपुत्र म्हणाला, निदान पाच वर्षे. झाओ मेंगने जमिनीवर पडलेल्या सावलीकडे पाहिले आणि म्हणाला, ‘सकाळ आणि संध्याकाळ यांची गाठ पडत नाही, पाच वर्षे कोण वाट पाहणार?’ राजपुत्रानेही बाहेर जाऊन तेच भाकीत केले.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. हा ग्रंथ घटनांनंतर बऱ्याच काळाने, सर्वसाधारणपणे इ.स.पू. चौथ्या शतकात संकलित झाला असे मानले जाते. संकलकाला शेवट ठाऊक होता. जो कोणी निरुत्साहाने ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणतो तो वर्षभरात मरतो, ही रचना त्याने हेतुपूर्वक केलेली दिसते. त्यामुळे या माणसांनी नेमके हेच शब्द उच्चारले होते असे मानण्याची गरज नाही. ग्रंथाच्या काळी हा साचा रुळलेला होता आणि निकड व बेफिकिरी अशा दोन्ही अर्थांनी वापरला जात होता, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

प्रतिसाद ३ (तळटीप)

जुनी_पाने यांची पुरवणी मला पूर्ण मान्य आहे. झाओ मेंगची बाजूही थोडी मांडावीशी वाटते. पुढच्या काळात ‘झाओ घराण्याचा पोरका’ म्हणून जी आख्यायिका प्रसिद्ध झाली आणि जिच्यावर युआन काळात नाटक रचले गेले, तिचा नायक हाच. त्याच्या लहानपणी, इ.स.पू. ५८३मध्ये, त्याच्या घराण्याची कत्तल झाली आणि तो वाचला. पुढे इ.स.पू. ५४६मध्ये जिन आणि चू या दोन वैरी सत्तांमध्ये जो शस्त्रसंधी झाला, त्यात जिनच्या बाजूने हाच पुढे होता. अशा माणसाने ‘अपराध घडू नये एवढीच धास्ती असते’ असे म्हटले, तर त्यात ढिलाईबरोबर आयुष्यभराचा थकवाही असणार. ल्यूने त्याला फार कठोरपणे तोलले, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ४ (वाटसरू)

मजुरांपासून आजारी वृद्धापर्यंत एकच वाक्प्रचार कसा पोहोचतो, या प्रश्नाचे उत्तर आणखी आठशे वर्षांनंतरच्या एका अर्जात आहे. तो अर्ज ली मी याचा.

ली मी (इ.स. २२४ ते २८७) हा आजच्या सिचुआन प्रांतातला. शू हान या राज्यात तो अधिकारी होता. इ.स. २६३मध्ये ते राज्य पडले आणि काही काळाने जिन घराणे सत्तेवर आले. (हे जिन वेगळे; झाओ मेंगच्या संस्थानाशी त्याची गल्लत करू नये.) नव्या सम्राटाने इ.स. २६७च्या सुमारास त्याला युवराजाच्या सेवेत रुजू होण्याचा हुकूम काढला. पडलेल्या राज्याचा माणूस नव्या राजाची नोकरी नाकारतो, याचा एकच अर्थ लावला जाण्याचा धोका होता आणि तो अर्थ प्राणावर बेतणारा होता. ली मीने नकार दिला, पण नकाराचे कारण म्हणून आपल्या आजीला पुढे केले.

अर्जात तो आपली हकीकत सांगतो. आपण सहा महिन्यांचे असताना वडील गेले. चौथ्या वर्षी मामाने आईचे दुसरे लग्न लावून दिले. आजी ल्यू हिने पोरक्या, अशक्त नातवाला वाढवले. चुलते नाहीत, भाऊ नाहीत. आता आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचे औषधपाणी पाहायला आपल्याशिवाय कोणी नाही. मग ती प्रसिद्ध वाक्ये येतात: सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकला आहे, श्वास मंद होत चालला आहे, आयुष्याचा तळ दिसू लागला आहे, आणि ‘झाओ बू ल्यू शी’, म्हणजे सकाळी संध्याकाळचा विचार करता येत नाही. येथे ‘ल्यू’ म्हणजे विचार करणे, चिंता करणे. शेवटी तो हिशोब मांडतो: मी चव्वेचाळीस वर्षांचा, आजी शहाण्णव वर्षांची, महाराजांची सेवा करायला माझ्याजवळ पुष्कळ दिवस आहेत, आजीचे ऋण फेडायला थोडे. सम्राटाने त्याची विनंती मान्य केली.

हा अर्ज चिनी गद्याचा उत्कृष्ट नमुना मानला जातो आणि शालेय पाठ्यपुस्तकांतूनही शिकवला जातो. त्यामुळे आजाऱ्याच्या संदर्भात हा वाक्प्रचार वापरताना सुशिक्षित चिनी लेखकाच्या मनात ही आजी असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुमच्या लेखातील वृद्धाच्या वर्णनात सूर्य मावळण्याची किंवा मंद श्वासाची प्रतिमा जवळपास आली असेल, तर तो ली मीचाच पडसाद समजावा.

आणखी एक फरक नोंदवतो. झाओ मेंगच्या वाक्यात संध्याकाळचा बेत न करणारा माणूस कर्ता आहे. त्याने ठरवले तर तो बेत करू शकतो. ली मीच्या वाक्यात कर्ता जवळजवळ नाहीसा झाला आहे. आजी विचार करत नाही असे तो म्हणत नाही, विचार करण्याला वावच उरलेला नाही असे म्हणतो. दोष गेला आणि लाचारी उरली. आजचा वापर या दुसऱ्या प्रकारचा आहे.

प्रश्नकर्त्याची भर (शब्दशोधक)

सर्वांचे मनापासून आभार. लेखातील वृद्धाच्या परिच्छेदात ‘पश्चिमेच्या डोंगराला टेकलेला सूर्य’ खरोखरच आहे, आणि तो वर्णनाचा सहज भाग आहे असे समजून मी पुढे गेलो असतो. आता दोन गोष्टी उरतात. ‘बाओ’ या क्रियापदाने नेमका काय फरक पडतो? आणि डळमळीत जगण्याविषयी चिनीत इतर जे चार अक्षरी वाक्प्रचार आहेत, मडक्यातला मासा, पडद्यावरचे घरटे वगैरे, ते याच अर्थाचे मानायचे का? लेखात त्यांपैकी एक-दोन येतात.

प्रतिसाद ५ (जुनी_पाने)

‘बाओ’ने कर्त्याचे उरलेसुरले अस्तित्वही संपते. पोहोचणे, बेत करणे, विचार करणे ही माणसाच्या किंवा काळाच्या हालचालीची क्रियापदे आहेत. बाओ मात्र राखण्याचे, सांभाळण्याचे आहे. जे आज हातात आहे ते संध्याकाळपर्यंत हातात राहील याची ग्वाही नाही, मग ते काम असो, डोक्यावरचे छप्पर असो, राज्य असो की जीव. म्हणून हा प्रकार सर्वांत व्यापक झाला आणि आधुनिक चिनीत तोच सर्रास वापरला जातो. ‘मोउ’ आणि ‘ल्यू’ असलेली रूपे ग्रंथी वाटतात. शब्दकोश ‘बाओ’च्या नोंदीखाली ‘मोउ’चे वाक्य देतात ते साचा एकच असल्यामुळे. उगम म्हणून ते ठीक आहे, अर्थ म्हणून ते वाक्य पुरेसे नाही.

इतर वाक्प्रचारांकडे वळतो. ते समानार्थी वाटतात, पण प्रत्येकाचा धोका निराळा आहे.

पडद्यावरच्या घरट्याचा प्रसंग इ.स.पू. ५४४चा आणि ‘झुओ झुआन’मधलाच. वू संस्थानाचा राजपुत्र जीझा संस्थानांची भेट घेत फिरत होता. वेई संस्थानातून जिनकडे जाताना तो सुन लिनफूच्या ठाण्याजवळ मुक्कामाला थांबणार होता, तेवढ्यात त्याच्या कानावर घंटांचे संगीत पडले. सुन लिनफूने आपल्या राजाविरुद्ध बंड केलेले होते आणि तो राजा नुकताच वारून त्याचे दफनही व्हायचे होते. जीझा म्हणाला, ‘हा गृहस्थ येथे राहतो म्हणजे पाकोळीने पडद्यावर घरटे बांधावे तसे आहे, राजाचा देह अजून घरात आहे आणि हा संगीत ऐकतो?’ असे म्हणून तो मुक्काम न करताच निघून गेला. पडदा म्हणजे येथे तंबूचे कापड. कोणीही, केव्हाही काढून गुंडाळील असे. ही गोष्ट कानावर आल्यावर सुन लिनफूने उरलेल्या आयुष्यात पुन्हा वीणावादन ऐकले नाही, असे ग्रंथ सांगतो. या वाक्प्रचारात धोका आहे, परंतु राहणाऱ्याला त्याची जाणीव नाही. ‘झाओ बू बाओ शी’ जगणाऱ्याला ती जाणीव क्षणोक्षणी असते. मजुरांबद्दल पडद्यावरचे घरटे आले असेल तर लेखकाला त्यांची बेसावध अवस्था दाखवायची आहे, असे धरून चाला.

मडक्यातल्या माशाची कथा दुसऱ्या शतकातली, हान काळातली. ग्वांगलिंग परिसरात, म्हणजे आजच्या यांगझोउच्या बाजूला, झांग यिंग नावाचा बंडखोर दहाबारा वर्षे धुमाकूळ घालत होता. नवा प्रशासक झांग गांग सैन्य न घेता, मोजक्या माणसांनिशी थेट त्याच्या तटबंदीपाशी गेला आणि त्याच्याशी बोलला. बंडखोराला रडू आले. तो म्हणाला, आम्ही अडाणी माणसे, दरबारापर्यंत आमचे गाऱ्हाणे पोहोचत नाही, जुलूम सोसवेना म्हणून एकत्र जमून जीव जगवत राहिलो. पण हे मडक्यात पोहणाऱ्या माशासारखे आहे, चार क्षण श्वास घेता येतो इतकेच. येथे बोलणाऱ्याला आपली अवस्था पुरेपूर ठाऊक आहे आणि शेवटही ठरलेला आहे. ‘झाओ बू बाओ शी’मध्ये शेवट ठरलेला नसतो, संध्याकाळ नीट जाईलही, फक्त तसे कोणी सांगू शकत नाही.

सकाळच्या दवाची उपमा सीमा छियानच्या इतिहासग्रंथात शांग यांगच्या चरित्रात येते. छिनचा हा कठोर सुधारक मंत्री सत्तेच्या शिखरावर असताना झाओ लियांगने त्याला बजावले की, तुमची अवस्था सकाळच्या दवासारखी आहे आणि तरीही तुम्ही दीर्घायुष्याची आशा धरता? इ.स.पू. ३३८मध्ये त्याला पाठिंबा देणारा राजा वारला आणि त्याच वर्षी शांग यांग मारला गेला. आपल्याकडचे ‘अळवावरचे पाणी’ येथे बिनदिक्कत चालेल.

प्रतिसाद ६ (वाटसरू)

जुनी_पाने यांनी ‘बाओ’विषयी लिहिले आहे त्याला जोडून सांगतो. झाओ मेंगच्या वाक्यातला ढिलाईचा जो अर्थ या वाक्प्रचारातून गळून पडला, तो चिनीतून नाहीसा झालेला नाही. त्याची जागा ‘द गुओ छिए गुओ’ या दुसऱ्याच वाक्प्रचाराने घेतली आहे. निभते आहे तोवर निभवून न्यायचे, असा त्याचा भाव. चौदाव्या शतकात ताओ झोंगयी याने वुताई पर्वतावरच्या ‘थंडीत ओरडणाऱ्या’ प्राण्याची हकीकत नोंदवली आहे. भर उन्हाळ्यात त्याचे अंग झगझगीत असते तेव्हा तो ओरडतो, ‘फिनिक्सही माझ्यापुढे फिका!’ कडाक्याच्या थंडीत पिसे झडून उघडा पडला की ओरडतो, ‘द गुओ छिए गुओ’. ही हकीकत पक्ष्याची म्हणून सांगितली जाते, प्रत्यक्षात तो प्राणी उडत्या खारीच्या जातीचा आहे. ‘आला दिवस ढकलणे’ हा मराठी शब्दप्रयोग तुम्ही या वाक्प्रचारासाठी राखून ठेवावा. तो मजुरांच्या ‘झाओ बू बाओ शी’ला लावला तर, ल्यूने झाओ मेंगला दिलेला ठपका त्या बिचाऱ्यांच्या माथी येईल आणि मूळ लेखकाच्या मनात तसे काही नाही.

‘सुळावरची पोळी’ हाही पर्याय कोणी सुचवील म्हणून आधीच सांगतो. त्याला चिनीत वेगळे जोडीदार आहेत. पाचव्या शतकातल्या ‘शिशुओ शिन्यू’ या किस्स्यांच्या ग्रंथात ह्वान श्वान, यिन झोंगकान आणि चित्रकार गू काइझी यांनी खेळलेल्या एका शब्दखेळाची गोष्ट आहे. प्रत्येकाने धोक्याचे सर्वांत भयंकर चित्र एका ओळीत मांडायचे. एक म्हणाला, भाल्याच्या टोकावर तांदूळ धुवायचे आणि तलवारीच्या टोकावर शिजवायचे. दुसरा म्हणाला, शंभर वर्षांचा म्हातारा वाळक्या फांदीला लोंबकळतो आहे. तिसरा म्हणाला, विहिरीच्या रहाटावर तान्हे मूल निजले आहे. तेवढ्यात जवळ बसलेला एक दुय्यम अधिकारी मध्येच बोलून गेला, ‘आंधळा माणूस, आंधळा घोडा, मध्यरात्र आणि समोर खोल डोह.’ यिन झोंगकान एका डोळ्याने अधू होता. ही ओळ त्याला फार झोंबली. भाल्या-तलवारीवरच्या स्वयंपाकात जाणूनबुजून पत्करलेला धोका आहे, ‘सुळावरच्या पोळी’तही तोच आहे. तुमच्या मजुरांनी तो पत्करलेला नाही.

प्रतिसाद ७ (तळटीप)

प्रत्यक्ष अनुवादासाठी माझी सूचना अशी. हा वाक्प्रचार लेखात सगळीकडे एकाच मराठी शब्दप्रयोगाने आणण्याचा आग्रह धरू नका. चिनीत तो विधेय म्हणूनही येतो आणि विशेषण म्हणूनही येतो, आणि मराठी वाक्याची घडण प्रत्येक ठिकाणी वेगळी मागणी करील. मजुरांच्या वर्णनात विशेषण म्हणून आला असेल तर ‘कशाचीच शाश्वती नसलेले जगणे’ पुरे. काम मिळण्या-न मिळण्याचा थेट उल्लेख शेजारी असेल तिथे ‘हातावर पोट’ अवश्य वापरावे, कारण तिथे संदर्भच अर्थ मर्यादित करतो. वृद्धाच्या परिच्छेदात मात्र ‘आज आहे, उद्या नाही’ हा रुळलेला पर्याय मी घेणार नाही. आपला हा शब्दप्रयोग दोन दिवसांचा आहे, चिनी वाक्प्रचार एकाच दिवसातला आहे. त्यात उद्यापर्यंत जाण्याइतकीही मुदत नाही. मावळतीला टेकलेल्या सूर्याच्या प्रतिमेपुढे ती मुदत वाढवली तर दोन्ही वाक्ये एकमेकांशी विसंगत होतील. तिथे ‘सकाळी डोळे उघडले तरी संध्याकाळचा भरवसा देता येत नव्हता’ असे सरळ वाक्य ठेवावे, सूर्याची ओळ त्याच्या आधी येऊ द्यावी, आणि जमल्यास लेखाखाली दोन ओळींची टीप देऊन ली मी आणि त्याच्या आजीचा उल्लेख करावा.